जनरेटरच्या जॅकेट हीटरचा नऊ महिन्यांचा अनुभव: पंपापेक्षा थर्मोस्टॅटचा आकडा बघा

गेल्या ऑक्टोबरात रात्री दोनला लाइट गेली. १२५ केव्हीएचा डीजी, म्हणजे डिझेल जनरेटर, लगेच सुरू झाला, सात-आठ मिनिटं चालला आणि टेंपरेचर हाय दाखवून ट्रिप झाला. टॉर्च घेऊन कॅनोपी (जनरेटरवरची पत्र्याची पेटी) उघडली तर खाली इंजिनात फिरणाऱ्या हिरव्या कूलंटचं थारोळं. डीजी बंद असताना हे कूलंट गरम ठेवतो तो जॅकेट हीटर, म्हणजे लाइट गेली की इंजिन लगेच लोड घेतं. त्या हीटरमधून इंजिनाकडे जाणारा वरचा होज (रबरी नळी) क्लिपला लागूनच फाटला होता. रबर लाकडासारखं कडक झालेलं, आणि क्लिप खाऱ्या हवेने इतकी गंजलेली की स्क्रूची खाचसुद्धा उरली नव्हती. हर्णैजवळ आमचं मासळीचं कोल्ड स्टोअर आहे. आत सुरमई आणि कोळंबी, चेंबर उणे १८ ला. दारं बंद ठेवून बसलो. पहाटे लाइट आली म्हणून माल वाचला.

जुना हीटर जनरेटरसोबतच आलेला, १५०० वॉटचा, थर्मोसायफनवाला. पाणी गरम होऊन आपोआप वर चढतं, थंड पाणी खालून येतं, एवढाच त्याचा आधार. त्यामुळे हीटरच्या तोंडाशी होज हात लावू देत नाही एवढा तापतो आणि इंजिनाची लांबची बाजू मात्र कोमटच राहते. जास्त तापणारा तो एकच होज दर दोन-तीन वर्षांनी जातो, हे आमच्या फिटरने आधीही सांगितलं होतं. मी मनावर घेतलं नव्हतं.

नोव्हेंबरात छोटा पंप असलेला, 'वीज वाचवणारा' म्हणून विकतात तो हीटर बसवला. फिटिंग धरून २६ हजार गेले. पहिल्या दिवसापासून एक फरक हाताला कळला: इंजिनाच्या ब्लॉकची पुढची आणि मागची बाजू सारखीच गरम, आणि होज आता धरता येतो. लाइट गेल्यावर कॉम्प्रेसरचा लोड पडला की आधी इंजिन दबून काळा धूर सोडायचं, तेही बरंच कमी झालं. इथपर्यंत मी खूश होतो.

मग हीटरला लावलेल्या सब-मीटरचे आकडे लिहायला लागलो. जुना हीटर दिवसाला १५ युनिट खायचा, नवा १२. आम्हाला युनिट सगळं धरून दहा रुपयांच्या आसपास पडतं. म्हणजे महिन्याला ९०० रुपये वाचले. २६ हजार वसूल व्हायला दोन वर्षं आणि वर पाच महिने. एवढ्यासाठी कोणी हीटर बदलू नये, असंच तेव्हा लिहिलं असतं.

खरी गोम थर्मोस्टॅटमध्ये निघाली. किती तापल्यावर हीटर बंद करायचा ते हा थर्मोस्टॅट ठरवतो, आणि तो ४९ अंशांवर पक्का केलेला होता. फिरवायला नॉब नव्हता, स्क्रू नव्हता, काही नव्हतं. हे मला अजूनही पटत नाही. इंजिन किती उष्णता बाहेर टाकतं हे इंजिन आणि बाहेरची हवा यांच्यातल्या फरकावर ठरतं. आमच्याकडे हवा वर्षातले बरेच दिवस २७-२८ अंश. ४९ वर ठेवलं तर फरक बावीसेक अंशांचा, ३८ वर ठेवलं तर दहाचा. खर्च थेट निम्म्याच्या खाली. जिथे पाणी गोठतं तिथलं सेटिंग कोकणात कशाला लादायचं? विक्रेत्याच्या सर्व्हिस इंजिनिअरला चार फोन केले. पाचव्या वेळी तो आला आणि म्हणाला, "साहेब, फॅक्टरी सेटिंग आहे. हात लावलात तर वॉरंटी गेली." मी म्हटलं, मग ३८ चा थर्मोस्टॅट तुम्हीच बसवा, लेखी द्या. "आमच्याकडे येत नाही." पुढे दीड महिना पत्रव्यवहार. शेवटी मार्चमध्ये त्यांच्याच दुसऱ्या मॉडेलचा थर्मोस्टॅट आला, १२०० रुपयांना. म्हणजे येत होता!

तो बसवल्यावर रोजचे १२ युनिट सहावर आले. महिन्याला १८०० रुपये. बाराशेचा सुटा भाग महिन्याच्या आत वसूल, आणि २६ हजारांच्या यंत्राला जे जमलं नाही त्याच्या दुप्पट त्याने वाचवलं. मेमध्ये दुपारी कॅनोपीतली हवाच चाळिशीला जायची, तेव्हा हीटर तासन् तास लागतच नव्हता. सब-मीटरवर जेमतेम पंपापुरती हालचाल.

तेव्हा मनात आलं, हवाच एवढी गरम असेल तर हीटर हवाच कशाला? जून-जुलैची मासेमारी बंदी, चेंबर जवळपास रिकामं, म्हणून हीटरचा एमसीबी (बोर्डावरचा स्विच) पाडून टाकला. तीन आठवड्यांनी ऑइल भरायचं झाकण उघडलं तर आतून पांढुरका, लोण्यासारखा थर. आधी हेड गॅसकेट गेली, कूलंट ऑइलमध्ये शिरलं असं वाटून पोटात गोळा आला. पण कूलंटची पातळी जागेवर होती आणि डिपस्टिकवर ऑइल स्वच्छ होतं. फिटरने सांगितलं, ही वाफ आहे: दर रविवारी दहा मिनिटं बिनलोड चालवता, इंजिन पुरतं तापत नाही, जळणातली आणि पावसाळी हवेतली ओल आतच थिजते. त्या दिवसापासून एमसीबी वर आहे आणि टेस्ट रन लोडवर अर्धा तास घेतो. महिन्याभरात झाकण कोरडं झालं. आमच्याकडे हा हीटर थंडीसाठी नाही, ओलीसाठी लागतो, हे मला जुलैत कळलं. त्यातही ३८ पुरतात.

बाकी पंपाचा बारीक घूं आवाज सतत येतो, पण कॅनोपीबाहेर ऐकू येत नाही. कूलंट बदलल्यावर हवा नीट काढल्याशिवाय हीटर चालू करू नका. एलिमेंट कोरडं राहिलं तर काही मिनिटांत जळतं, आणि विहिरीचं पाणी टाकलं तर त्यावर क्षार धरतो. डीजी चालू असताना हीटर बंद पडतो का तेही वायरमनकडून बघून घ्या. आमचा पहिले दोन महिने तसाच चालू राहत होता, इंजिन स्वतःच तापलेलं असताना. ते वायरिंग विक्रेत्याच्याच माणसाचं होतं. त्याचे पैसे मी दिले नाहीत.

निसर्ग वादळानंतर, २०२० च्या जूनमध्ये, दापोली-मंडणगडातल्या कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे लाइट नव्हती. तेव्हा हाच डीजी रात्रंदिवस चालला. म्हणून होजच्या बाबतीत आता मी थांबत नाही. दोन्ही होज आणि स्टेनलेसच्या क्लिपा आणून ठेवल्या आहेत. गणपतीत फिटर गावाला जातो, त्याआधी बदलून घेतो.