गावाबाहेर वसाहत की आहे तिथंच पक्कं घर?

सोलापूरजवळ कुंभारीत पंतप्रधान आवास योजनेतून विडी आणि यंत्रमाग कामगारांसाठी ३०,००० घरांचं रे नगर आखलं गेलं. १५,००० घरं जानेवारी २०२४ मध्ये ताब्यात मिळाली. गावाबाहेरची जमीन स्वस्त, म्हणून घर आवाक्यात. पण पाणी, गटार, शाळा, बस सगळं नव्यानं उभं करायचं. शिवाय रोजचं रिक्षाभाडं घराच्या किमतीत कोण धरतो?

दुसरा पर्याय याच योजनेतला: स्वतःच्या जागेवर बांधा, केंद्राचे दीड लाख आणि राज्याचा एक लाख घ्या. नळ, रस्ता, शेजार आधीच असतो. घोडं अडतं ते कागदावर. जागा नावावर नसेल तर अनुदान विसरा. म्हणून छोट्या नगरपरिषदेनं आधी गुंठेवारी, म्हणजे परवानगीशिवाय गुंठ्यांनी तुकडे पाडून विकलेली जागा, नियमित करावी, असं मला वाटतं. भाडेकरूला मात्र पहिलीच वाट.