गाडीतला कंपनीचा स्टिरिओ: आधी बास उतरवा

नव्या गाडीत कंपनीनेच बसवलेला स्टिरिओ मला आवडला, आणि पहिलं कारण म्हणजे आवाजाचं गोल फिरवायचं बटण. स्क्रीनवर बोट फिरवत बसावं लागत नाही, नजर रस्त्यावर राहते. ही सोय काढून टाकणाऱ्या कंपन्यांचा मला खरंच राग येतो.

आवाज मात्र लगेच पटला नाही. बास, म्हणजे खालचे घुमणारे सूर, इतका चढवलेला होता की गायिकेचा आवाज त्यात बुडून जायचा. सेटिंगमध्ये बास दोन घरं खाली आणला, फेडर (पुढच्या-मागच्या स्पीकरमधला तोल) थोडा पुढे सरकवला, तेव्हा कुठे तबल्याची चाट सुटी ऐकू आली. काय सुख आहे ते! वेगाबरोबर आवाज आपोआप वाढवण्याची सोयही आहे. ती सर्वांत खालच्या पातळीवर ठेवा, वरच्या पातळीवर चढउतार कानाला खुपतो.

पेनड्राइव्ह एनटीएफएस फॉरमॅटचा (फॉरमॅट म्हणजे फाइली साठवण्याची पद्धत) असेल तर हा स्टिरिओ तो वाचतच नाही, फॅट३२ चालतो. फॉरमॅट करण्याआधी गाणी दुसरीकडे उतरवून घ्या.

ब्लूटूथचं एकच दुखणं. आधी जोडलेले दोन फोन गाडीत असले की हा स्वतःच्या मनाने एक निवडतो. यादीत आपल्या फोनला प्राधान्य देण्याचा पर्याय हवा होता.