कॅम्परच्या शॉवरसाठी सहा लिटरचा गॅस गिझर: गिझर चांगला, जोडणी कच्ची

नाशिकमध्ये कॅम्पर, म्हणजे आत राहता येईल अशी गाडी, बांधून घेताना गरम पाण्यासाठी सहसा सहा लिटरचा गॅस गिझर सुचवला जातो. साधारण चार ते सहा हजारांत मिळतो, मोठ्या दोन सेलवर पेटतो, विजेची जोडणी लागत नाही. उन्हाळ्यात कोणाची तक्रार नसते. डिसेंबर उजाडला, गाडी निफाडच्या शेतात किंवा भंडारदऱ्याच्या काठावर मुक्कामाला उभी राहिली, की पहाटे शॉवर कोमट पडतो आणि दोष गिझरवर जातो. मग आठ लिटरचा गिझर घ्यायची घाई होते. आमचं मत स्पष्ट आहे: सहाचाच ठेवा, पैसे त्याच्या आजूबाजूच्या भागांवर घाला.

आधी खोक्यावरचा '६ लिटर' हा आकडा समजून घ्यायला हवा. ती टाकीची क्षमता नाही. मिनिटाला सहा लिटर पाणी साधारण २५ अंशांनी तापवण्याची ती ताकद आहे, म्हणजे सुमारे साडेदहा किलोवॉट. बहुतेक साध्या गॅस गिझरमध्ये थर्मोस्टॅट, म्हणजे तापमान ठरावीक राखणारा भाग, नसतो. आत येणारं पाणी जेवढं थंड, तेवढं बाहेर येणारंही थंड. मे महिन्यात टाकीत ३० अंशांचं पाणी असेल तर ५५ अंशांचं मिळेल. जानेवारीच्या पहाटे गाडीखालच्या टाकीत १४ अंशांचं असेल तर पूर्ण आचेवरही ३९ मिळेल, आणि पाइप व शॉवरच्या बारीक धारांमधून अंगावर येईपर्यंत ३६-३७ होईल. अंगाच्या तापमानाइतकं पाणी अंगाला कोमटच लागतं. प्रवाह मिनिटाला चार लिटर केला, तर तीच आच ३७ अंशांची वाढ देते आणि गिझरमधून ५० च्या वर पाणी निघतं. उपाय पाणी कमी करण्यात आहे.

म्हणून पहिली तपासणी बादलीची. शॉवर काढून पाइप बादलीत सोडा आणि पाच लिटर भरायला किती सेकंद लागतात ते मोजा. ५० सेकंद लागले तर प्रवाह सहा लिटरचा, ७५ लागले तर चारचा. कॅम्परमध्ये लावलेले १२ व्होल्टचे डायफ्रॅमचे, म्हणजे रबरी पडद्याचे, पंप मिनिटाला दहा-अकरा लिटरपर्यंत देऊ शकतात, त्यामुळे ३५-४० सेकंदांतच बादली भरली तर नवल नको. गिझरची पाण्याची कळ कमी करा. तेवढ्याने भागत नसेल तर शॉवरच्या नळीत चार लिटरचा फ्लो रिस्ट्रिक्टर, म्हणजे प्रवाह रोखणारी छोटी चकती बसवा. मात्र अडीच लिटरच्या खाली जाऊ नका. पाण्याचा जोर कमी झाला की आतला डायफ्रॅम गॅसचा मार्ग बंद करतो आणि आच विझते.

प्रवाह बरोबर असूनही पाणी कोमट असेल, तर गरम पाण्यात कुठेतरी थंड मिसळतंय. हा दोष सर्वांत जास्त चकवतो, पण पकडायला सोपा आहे. गिझरकडे जाणारा थंड पाण्याचा व्हॉल्व्ह पूर्ण बंद करा, पंप चालू ठेवा आणि कुठल्याही बेसिनचा फक्त गरम नळ उघडा. धार काही सेकंदांत थांबायला हवी. थांबली नाही, तर ते पाणी गिझरमधून नाही, मिक्सरमधून, म्हणजे थंड-गरम मिसळणाऱ्या नळातून, उलटं येतंय. बहुतेकदा कारण हँड शॉवरवरचं बटण असतं. साबण लावताना लोक बटणाने धार थांबवतात, पण मिक्सरच्या थंड आणि गरम दोन्ही बाजू उघड्याच राहतात. दोन्ही लायनी तिथे जोडल्या जातात आणि थंड पाणी गरम लायनीत शिरतं. गाडीच्या मागे पाय धुण्यासाठी दिलेला बाहेरचा शॉवरही हेच करतो. परदेशी बनावटीच्या कॅराव्हॅनमध्ये आणखी एक जागा बघावी: हिवाळ्यात गिझर रिकामा ठेवण्यासाठी दिलेला, पाणी गिझरला वळसा घालून नेणारा बायपास व्हॉल्व्ह. तो अर्धवट फिरलेला राहिला तर टाकी कितीही तापली तरी नळाला कोमटच येणार.

यावरचा उपाय म्हणजे अर्ध्या इंचाचा पितळी नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, जो पाणी एकाच दिशेने जाऊ देतो. मिक्सरजवळ दोन्ही लायनींवर एकेक बसवा, बाण पाण्याच्या दिशेने. काहीशे रुपयांच्या या तुकड्याला आम्ही पूर्ण गुण देतो. एकच सावधगिरी: पंप नसून छतावरच्या टाकीचं पाणी असेल तर स्प्रिंगचा व्हॉल्व्ह घेऊ नका. मीटरभर उंचीचा दाब स्प्रिंगच उघडण्यात जातो आणि गिझर पेटत नाही. तिथे झडपेचा घ्या आणि आडवा लावा. खरं तर कॅम्परमध्ये मिक्सर नसलेलाच बरा. थंड पाणी मिसळलं की गिझरमधला प्रवाह घटतो, उरलेलं पाणी जास्त तापतं, म्हणून माणूस आणखी थंड सोडतो, आणि शेवटी आच विझते. एकच लाइन ठेवा, तापमान गिझरच्या गॅसच्या कळीवर जुळवा. ज्यांनी मिक्सर काढून टाकला त्यांची निम्मी कटकट संपते.

गरम, थंड, गरम, थंड असा खेळ चालत असेल तर पंप तपासा. प्रेशर स्विच ४५ पीएसआयच्या आसपास पंप बंद करतो आणि दाब बराच उतरला की पुन्हा चालू करतो. शॉवरचा प्रवाह कमी असला की पंप सारखा चालू-बंद होतो, गिझर दर वेळी विझून पेटतो आणि मध्ये थंड पाण्याचा लोट येतो. पंपानंतर पाऊण ते एक लिटरचा ॲक्युम्युलेटर, म्हणजे हवेच्या जोरावर पाण्याचा दाब साठवणारी छोटी टाकी, लावला की दाब सलग राहतो. त्यात सायकलच्या पंपाने हवा भरा, पण पंप बंद करून आणि नळ उघडा ठेवून. हवेचा दाब पंप पुन्हा सुरू होण्याच्या दाबापेक्षा दोन-तीन पीएसआय कमी हवा. जास्त भरली तर त्यात पाणी साठतच नाही, कमी भरली तर तो असून नसल्यासारखा.

पंपाबाबत दोन चुका नाशिकमध्ये हमखास होतात. एक, आरओ यंत्राचा पंप लावणं. घरगुती आरओचा पंप मिनिटाला फारच थोडं पाणी देतो. त्यावर गिझर पेटणारच नाही. दुसरी, द्राक्षबागेच्या फवारणीचा १२ व्होल्टचा पंप. नवा घेतला तर चालून जातो, पण त्याचा दाब जास्त आणि प्रवाह कमी, त्यामुळे जोडांवर ताण येतो. वापरलेला फवारणी पंप तर अंघोळीच्या पाण्याला कधीही लावू नका. रबरात मुरलेलं औषध धुऊन जात नाही.

आता गॅस. पूर्ण आचेवर हा गिझर तासाला साधारण एक किलो गॅस जाळतो, म्हणजे दहा मिनिटांच्या अंघोळीला १७० ग्रॅम. पाच किलोच्या छोट्या सिलेंडरला थंडीत एवढी वाफ सलग देणं जड जातं. सिलेंडरवर दव धरतं, दाब पडतो, ज्योत लहान होते. पहिली अंघोळ गरम आणि तिसरी कोमट, याचं कारण बहुधा हेच. अंघोळीच्या वेळी शेगडी बंद ठेवा, थंडीत निघताना सिलेंडर भरलेला घ्या. त्याला गोणपाटात गुंडाळू नका, कारण वाफ होण्यासाठी लागणारी ऊब तो बाहेरच्या हवेतूनच घेतो. गरम पाणी किंवा आच तर मुळीच देऊ नका. आठ लिटरचा गिझर न घेण्याचं कारणही हेच: तो आणखी गॅस मागतो आणि सिलेंडर तोच असतो. हॉटेलच्या भट्टीचा हाय प्रेशर रेग्युलेटर लावून ज्योत वाढवायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका.

सिन्नर-निफाडकडे मुक्कामात बोअरचं पाणी भरलं जात असेल तर तांब्याच्या कॉइलमध्ये क्षार बसतात आणि आच असूनही पाण्याला ऊब पोचत नाही. वर्षातून एकदा लिटरभर कोमट पाण्यात ५० ग्रॅम लिंबूसत्त्व घालून ते कॉइलमधून अर्धा तास फिरवा. गॅस अर्थातच बंद. पाणी आत येते तिथली जाळीही त्याच दिवशी काढून धुवा.

गिझर कुठे लावायचा यात तडजोड नको. किलोभर गॅस जळायला बारा-तेरा घनमीटर हवा लागते. म्हणजे एका अंघोळीला दोन घनमीटर, आणि कॅम्परच्या शॉवर केबिनमध्ये जेमतेम सव्वा घनमीटर असते. आत लावलेला गिझर हवा संपवतो आणि कार्बन मोनॉक्साइड सोडतो, ज्याला वास नसतो, रंग नसतो. मागच्या दाराबाहेर, बाहेर उघडणाऱ्या कप्प्यात लावा. धरणाकाठच्या वाऱ्यासाठी बाजूने पत्रा चालेल, पण खालची आणि वरची तोंडं झाकू नका. झोपायच्या जागी कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म हवाच. गाडी चालू असताना रेग्युलेटर बंद.

विजेचा पर्याय विचारणाऱ्यांसाठी: तीन किलोवॉटचा इन्स्टंट गिझर मिनिटाला तीन लिटर पाणी फक्त १४ अंशांनी तापवतो, थंडीत तो निरुपयोगी. जिथे २३० व्होल्टची जोडणी मिळते तिथे १५ लिटरचा दोन किलोवॉटचा साठवणीचा गिझर चांगला, वीस-बावीस मिनिटांत ४० अंश चढवतो आणि सहा मिनिटांची एक अंघोळ देतो. १२ व्होल्टच्या २०० वॉटच्या कॉइलने २० लिटर पाणी २० अंश तापायला सव्वादोन तास लागतात, बॅटरीचा जीव जातो तो वेगळाच.

घेताना गॅसची आणि पाण्याची कळ वेगवेगळी असलेलाच गिझर घ्या, आयएसआय खूण बघा. २० मिनिटांनी आपोआप बंद होण्याची सोय असेल तर ती दोष समजू नका, नळ बंद करून उघडला की पुन्हा पेटतो. सेलचा डबा सहसा तळाशी असतो, तेव्हा गिझरखाली हात जाईल एवढी जागा सुताराकडून आधीच ठेवून घ्या. सेल उतरले की ठिणगी उशिरा पडते किंवा पेटलेली आच मध्येच जाते, आणि ते बहुधा पहाटेच, अंगाला साबण लागलेला असताना होतं.