१६७४ चा तह घ्यावा की १७३९ चा?

एम.ए.च्या लघुप्रबंधाला मराठे-इंग्रज व्यापारी तह घ्यायचा ठरला की साताऱ्यातली मुलं डोळे मिटून रायगड गाठतात. मीही गाठला होता. तोंडीला बाहेरून आलेल्या सरांनी पहिलाच प्रश्न टाकला, "यात तुमचं काय?"

तरी १६७४ चा मोह पडतोच. राज्याभिषेकाच्या तोंडावर इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झिंडेन गडावर आला. मध्ये महाराजांकडून निराजी पंडित, इंग्रजांचा दुभाषा नारायण शेणवी. राजापूरच्या लुटीची भरपाई, वखारी, अडीच टक्के जकात यांवर जमलं. पण वाचायचं ते अडलं कुठे, हे. किनाऱ्यावर फुटलेल्या जहाजाचा माल परत द्या, हे कलम महाराजांनी मानलं नाही. माणसांना मदत करू, माल मात्र सरकारजमा, ही कोकणची जुनी रीत. शिवाय इंग्रजांना दिलं तर फ्रेंच, डच उद्या तेच मागणार. एकाला दिलेली सवलत दुसरा मागतो, हा पेच आजच्या करारांतही सुटलेला नाही. आणि गडावरच्या इंग्रजांना मटण पुरवणारा तो म्हातारा खाटीक! एवढं मटण खाणारे आहेत तरी कोण, हे बघायला तो गड चढून आला होता.

अडचण एकच, यावर भरपूर लिहून झालंय.

१७३९ चं तसं नाही. मे महिन्यात पोर्तुगीजांची वसई मराठ्यांच्या हाती पडली आणि मुंबईकर इंग्रजांची झोप उडाली. त्यांनी दोन वकील दोन दिशांना धाडले. इंचबर्ड वसईला चिमाजीअप्पांकडे, कॅप्टन गॉर्डन शाहूमहाराजांकडे. गॉर्डनचं वरवरचं काम सलोख्याचं, आतलं काम बाजीरावांच्या विरोधकांना चाचपून त्यांचं वजन कमी करता येतं का बघण्याचं. जुलैत तह झाला तो इंचबर्डच्या बाजूने, पेशव्यांशी. मुलखात व्यापाराची मोकळीक मिळाली. गादी साताऱ्यात, बोलणी वसईत. लघुप्रबंधाचा प्रश्न इथेच तयार मिळतो.

साधनांचं म्हणाल तर दोन्हीकडची इंग्रजी कागदपत्रं छापील आहेत. ऑक्झिंडेनची १९३१ च्या पुण्याच्या संग्रहात, गॉर्डन-इंचबर्डची फॉरेस्टच्या १८८५ च्या खंडात. मोडी येत नाही म्हणून अडणार नाही, पण मार्गदर्शकांना विचारा, ते मराठी साधनांचा आग्रह धरतात का.

कलमाकलमाचा कीस काढायची आवड असेल तर १६७४ घ्या. साताऱ्यात राहून स्वतःचं काही म्हणायचं असेल तर १७३९, आणि सुरुवात गॉर्डनला दिलेल्या सूचना व त्याचा अहवाल शेजारी ठेवून करा.