मायक्रोटिक हेक्स: ऑफिसचं नेट रखडतं तेव्हा हा डबा किती कामाचा?

दहा-पंधरा मशिनांचं ऑफिस. स्पीड टेस्ट केली की आकडा चोख येतो, पण जीएसटी पोर्टल उघडायला वेळ लागतो आणि व्हिडिओ कॉलवर समोरच्याचा आवाज तुटतो. महिन्याच्या २० तारखेला तर बघायलाच नको. अशा वेळी बहुतेक जण प्लॅन वाढवतात, १०० चे २०० करतात आणि दुखणं तसंच राहतं. कारण लाइनची रुंदी पुरेशी असते, अडचण रांगेची असते. ती रांग दिसावी आणि आवरता यावी यासाठी मायक्रोटिक या कंपनीचा हेक्स, म्हणजे आरबी७५०जीआर३, हा या किमतीतला सर्वात उपयोगी राउटर आहे. मात्र तो डब्यातून काढून नुसता लावला तर यातलं काहीच करत नाही.

आधी डब्यात काय आहे ते. पाच गिगाबिट पोर्ट, ८८० मेगाहर्ट्झचा दोन कोअरचा प्रोसेसर, २५६ एमबी रॅम, १६ एमबी फ्लॅश. वाय-फाय नाही, आणि ते बरंच आहे. राउटर कपाटात, अ‍ॅक्सेस पॉइंट छताला, हीच योग्य मांडणी. आकार तळहाताएवढा, पंखा नाही. पहिल्या पोर्टवर नेटवर्क केबलमधूनच वीज (पीओई) घेता येते, पण ती ८ ते ३० व्होल्टची पॅसिव्ह, म्हणजे स्विचशी बोलणी न होता थेट येणारी. नेहमीच्या पीओई स्विचला जोडून तो चालू होणार नाही, तेव्हा अ‍ॅडॉप्टर जपून ठेवा.

हात लावण्यापूर्वी मोजमाप करा. केबलने जोडलेल्या मशिनवरून दोन खिडक्यांत पिंग (इवलंसं पाकीट पाठवून उत्तर यायला किती वेळ लागतो ते मोजणारी आज्ञा) सुरू ठेवा: एक राउटरला (मूळ पत्ता १९२.१६८.८८.१), दुसरा ८.८.८.८ ला, म्हणजे इंटरनेटवरच्या गूगलच्या सर्व्हरला. राउटरचा पिंग १ मिलिसेकंदाच्या आत हवा. तो तिथेच उड्या मारत असेल तर दोष केबल, स्विच किंवा त्या मशिनमध्ये आहे, इंटरनेट कंपनीला फोन करून उपयोग नाही. राउटरचा पिंग स्थिर असेल, तर आता एखादी मोठी फाइल ड्राइव्हवर चढवा आणि दुसरी खिडकी बघा. पिंग १५ वरून ३००-४०० मिलिसेकंदांवर गेला की चोर सापडला.

हिशेब सोपा आहे. अपलोड २० एमबीपीएस आहे आणि मोडेमच्या पोटात १ एमबी डेटा तुंबला, तर तो बाहेर पडायला ४०० मिलिसेकंद लागतात. मागून येणारं प्रत्येक पाकीट, मग ती डीएनएसची (साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधणारी) इवलीशी विचारणा असो की डाउनलोडची पोच, त्याच रांगेत उभं राहतं. म्हणून अपलोड भरलं की डाउनलोडही रखडतं. स्कॅन केलेल्या पीडीएफ चढवणारं एक मशिन, वनड्राइव्हचं सिंक, आणि साहेब घरून मोबाइलवर बघत असलेला सीसीटीव्हीचा डीव्हीआर, एवढं पुरतं.

हेक्सवर याचा इलाज असा. राउटर ओएस, म्हणजे मायक्रोटिकची स्वतःची सिस्टीम, ७ हवी, कारण एफक्यू-कोडेल ही प्रत्येक जोडणीला आळीपाळीने वाट देणारी रांग ६ मध्ये नाही. विनबॉक्समध्ये (राउटरची सेटिंग करायचं मायक्रोटिकचं सॉफ्टवेअर) क्यूज उघडून क्यू टाइप्समध्ये एफक्यू-कोडेलचा नवा प्रकार बनवा. मग सिंपल क्यू, म्हणजे वेगाला मर्यादा घालणारी रांग, घाला. टार्गेटमध्ये ऑफिसचं नेटवर्क (१९२.१६८.८८.०/२४), आणि मॅक्स लिमिट मोजलेल्या वेगाच्या ९० टक्के. ९६/२० मिळत असेल तर डाउनलोड ८६, अपलोड १८. अ‍ॅडव्हान्स्ड टॅबमध्ये दोन्ही बाजूंना तोच प्रकार निवडा. ते १० टक्के वाया जात नाहीत. रांग मोडेमच्या पोटातून निघून आपल्या ताब्यातल्या डब्यात यावी, त्याची ती किंमत आहे.

इथेच नव्वद टक्के लोक फसतात. फॅक्टरी सेटिंगमध्ये फायरवॉलच्या फिल्टर यादीत फास्टट्रॅकचा, म्हणजे प्रोसेसरचा भार वाचवणाऱ्या जवळच्या वाटेचा, नियम चालू असतो. फास्टट्रॅक झालेली पाकिटं सिंपल क्यूला बगल देऊन थेट निघून जातात. क्यू बनवली, पण तिचा आकडा शून्याच्या आसपासच घुटमळतोय, असं दिसलं तर कारण हेच. तो नियम बंद करा आणि राउटर एकदा रीस्टार्ट करा, नाहीतर आधीची जोडणी जुन्या वाटेनेच चालत राहते. मग मोठी फाइल पुन्हा चढवून क्यूच्या चिन्हाकडे बघा. निम्म्या वापरापर्यंत ते हिरवं, ७५ टक्क्यांपर्यंत पिवळं, त्यापुढे लाल. चिन्ह लाल आणि तरी ८.८.८.८ चा पिंग तिशीच्या आत, हे दृश्य दिसलं की काम झालं.

फास्टट्रॅक बंद केल्याने प्रोसेसरवर भार येतो. १००-२०० एमबीपीएसच्या लाइनला हेक्स पुरतो, पण ५००-१००० ची लाइन घेऊन त्यावर क्यू चालवायची असेल तर याच्या वाटेला जाऊ नका. टूल्समधलं प्रोफाइल उघडलं की सीपीयू कशात खपतोय ते कळतं. संध्याकाळी लाइनच मंदावत असेल तर ठरावीक मर्यादा कामाला येत नाही. सकाळी ११ आणि संध्याकाळी ५ ला मोजून लहान आकडा धरा.

लाइन कोण खातंय ते बघायला हेक्समधलंच टॉर्च हे साधन. ब्रिजवर (ऑफिसच्या पोर्टांना एकत्र जोडणारा गट) टॉर्च लावला की कुठला आयपी किती ओढतोय ते तिथल्या तिथे दिसतं. एक मेख मात्र आहे: एकाच ब्रिजवरच्या दोन मशिनांमधली कॉपी स्विच चिपमधूनच परस्पर जाते, सीपीयूपर्यंत येत नाही, म्हणून टॉर्चमध्ये दिसत नाही. टॅली रखडते म्हणून टॉर्च बघत बसणं व्यर्थ. टॅलीचा डेटा शेअर फोल्डरमध्ये आणि मशिन वाय-फायवर असेल, तर जगातला कुठलाही राउटर त्याला वाचवणार नाही. केबल ओढा.

केबलचा मात्र हेक्सवर उत्तम पत्ता लागतो. इंटरफेसेसमध्ये प्रत्येक पोर्टचं स्टेटस उघडा. गिगाबिट मशिनसमोर १०० एमबीपीएस दिसलं तर आठपैकी एखादी तार लागलेली नाही. १०० ला दोन जोड्या पुरतात, १००० ला चारही लागतात. फाइल कॉपी सेकंदाला ११ एमबीवर अडकणं ही त्याचीच खूण. आकडेवारीत एफसीएस एरर (वाटेत बिघडलेली पाकिटं) वाढत असतील तर क्रिम्पिंग, म्हणजे केबलच्या टोकाला बसवलेला प्लग, तपासा. सफेद-नारिंगी, नारिंगी, सफेद-हिरवा, निळा, सफेद-निळा, हिरवा, सफेद-तपकिरी, तपकिरी हा क्रम हवा. काही जण दोन्ही टोकांना जोड्या सरळ ओळीने लावतात. दिव्याच्या टेस्टरवर आठही दिवे लागतात, पण ३ आणि ६ वेगवेगळ्या जोड्यांत गेल्याने एकीचा सिग्नल दुसरीत शिरतो. तार ब्लेडने खरवडून आत रुपेरी निघाली तर ते तांबं नव्हे, मुलामा दिलेलं अ‍ॅल्युमिनियम आहे. बदला.

पान उघडण्याआधी दोन-तीन सेकंद शांतता आणि मग सगळं धाडकन, असं असेल तर डीएनएस. डीएचसीपीने (मशिनांना पत्ते आपोआप वाटणारी सोय) वाटलेला पहिला डीएनएस सर्व्हर मेलेला असतो. हेक्सच्या डीएनएसमध्ये बाहेरचे दोन चालू सर्व्हर घालून मशिनांना हेक्सचाच पत्ता द्या.

टेबलाखालच्या पाच पोर्टच्या स्विचमध्ये कुणी एकाच वायरची दोन्ही टोकं खोचली तर अख्खं ऑफिस आडवं होतं. यासाठी पोर्टवर लूप प्रोटेक्ट आहे, पण मुळात बंद असतं. चालू केलं की तेवढाच पोर्ट पाच मिनिटं बंद होतो, बाकीचे कामात राहतात.

आता तक्रारी. १६ एमबी फ्लॅश ही खरी अडचण आहे. जादा पॅकेजेस टाकली की पुढच्या अपडेटला जागा उरत नाही. नवा हेक्स, ई५०यूजी, मिळत असेल तर तोच घ्या, त्यात ५१२ एमबी रॅम आणि १२८ एमबी फ्लॅश आहे. सेकंडहँड घेत असाल तर अधिक सावध राहा: २०१८ साली विनबॉक्समधल्या भगदाडातून असंख्य मायक्रोटिक राउटर हॅक झाले होते, दुरुस्ती ६.४२.१ मध्ये आली. त्याहून जुनी आवृत्ती दिसली तर सेटिंग पुसून भागत नाही, नेटइन्स्टॉलने (संगणकावरून राउटरची सिस्टीम टाकणारं मायक्रोटिकचं साधन) सगळं नव्याने चढवा. आणि विनबॉक्स हा काही मोबाइल अ‍ॅपसारखा गोड प्रकार नाही. मेनूंचं जंगल आहे. ऑफिसात किंवा हाकेच्या अंतरावर हे समजणारा कुणी नसेल तर हा डबा घेऊ नका. असेल, आणि लाइन २०० च्या आत असेल, तर प्लॅन वाढवण्याआधी हा घ्या.