नवरात्रातला घागरा: भाड्याने, मासिक वर्गणीवर की स्वतःचा?

बडोद्यात नवरात्र जवळ आलं की दांडिया बाजार, रावपुऱ्यातल्या आपल्या मराठी घरांतही चणियाचोळीचा विषय निघतोच. निर्णय घेण्याआधी एवढंच ठरवा: नऊपैकी किती रात्री खेळणार?

एखाद-दोन रात्रीच जाणार असाल तर भाड्याने आणा. चोळीला पाठीवर दोऱ्या असतात, त्यामुळे मापाचं फारसं अडत नाही. अनामत भरताना मात्र निखळलेले आरसे, उसवलेली लेस दुकानदाराला तिथंच दाखवा आणि फोटो काढून ठेवा. शिवाय चोळी काल रात्री कुणी घातली होती का, हे न लाजता विचारा. या दिवसांत कपडा रोज नव्या गिऱ्हाइकाकडे जाऊ शकतो, आणि घामाने भिजलेली जरीकामाची चोळी एका दिवसात धड धुऊन वाळत नाही. म्हणून मी म्हणेन, घागरा-ओढणी भाड्याची घ्या, चोळी स्वतःची. काळी सुती चोळी कशावरही खपून जाते.

मासिक वर्गणीचा प्रकार वेगळा. दरमहा पैसे भरायचे, कपडे कुरियरने येतात, वापरून परत पाठवायचे. अमेरिकेतल्या ‘रेंट द रनवे’ने २०१६ मध्ये अशी योजना आणली. ऑफिसला रोज वेगळं काहीतरी हवं असणाऱ्यांना ती सोयीची वाटेल. पण ‘पर्यावरणपूरक’ म्हणून कुणी ती गळ्यात मारत असेल तर जरा थांबा. फिनलंडच्या संशोधकांनी २०२१ मध्ये जीन्स वापरण्याच्या पाच पर्यायांची तुलना केली. हवामानावर सर्वांत जास्त भार भाड्याच्या पर्यायाचा निघाला, आणि त्याचं कारण होतं ने-आण. सर्वांत कमी भार, आहे तीच जीन्स जास्त काळ वापरण्याचा. हीच ने-आण प्रदूषण न करता झाली तर भाडंही वाईट नाही, असंही त्यांना आढळलं. म्हणजे गल्लीतल्या दुकानातून चालत जाऊन आणलेला घागरा आणि दुसऱ्या शहरातून खोक्यात आलेला घागरा, दोन्ही ‘भाड्याचे’ असले तरी सारखे नाहीत.

पाच-सहा रात्री खेळणाऱ्यांनी सरळ स्वतःचं करावं. नवा बाजारातून पूर्ण संच उचलण्यापेक्षा दोन घागरे आणि तीन ओढण्या सुट्या घ्या. त्या काळ्या चोळीवर सहा रात्री वेगळ्या दिसतात, आणि पुढच्या वर्षी एक ओढणी बदलली तरी पुरतं. लहान मुलांसाठी तर काहीच विकत घेऊ नका, मावस-चुलत भावंडांचं मागून आणा.

माझं मत मात्र जुन्या साडीला. बोहारणीला देण्याआधी एकदा उलगडून बघा. साडेपाच मीटर कापडात कळ्यांचा घागरा होतो, काठ खाली घेराला येतो. नऊवारी असेल तर ओढणीही निघते. साडी विरली असेल तर आतून सुती अस्तर लावून घ्या, नाहीतर पहिल्याच गिरकीत फाटेल. आणि शिंप्याकडे श्रावणातच जा. गणपतीनंतर तो माप घेतो, तारीख देत नाही.