मॅरेज काउन्सेलिंग : नऊ सेशन, 16,200 रुपये, साडेतीन स्टार

काउन्सेलरचं नाव टाकत नाहीये. बायकोची अटच होती, लिहायचं तर लिही पण कोण ते कळता कामा नये, ना त्या मॅडम ना आपण. तर एवढंच सांगतो की पुण्यात कोथरूड साईडला एका जुन्या बिल्डिंगमध्ये दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, खाली रसवंती. त्या रसवंतीच्या घुंगरांचा आवाज अख्खं सेशनभर वर येत असतो. पहिल्या दिवशी बायको रडत होती आणि खाली छुम छुम चालू, मला हसू आवरेना, आणि तेव्हा हसणं म्हणजे काय ते नवरे लोकांना कळेल.

आधी आमचं काय झालं होतं ते सांगतो, नाहीतर रिव्ह्यूला अर्थ नाही. लग्नाला अकरा वर्षं, एक मुलगी चौथीत, आई आमच्याकडे असते. मी चाकणला एका कंपनीत क्वालिटी डिपार्टमेंटला आहे, ही को-ऑपरेटिव्ह बँकेत. दोन वर्षांपूर्वी धाकट्या भावाचा धंदा बसला तेव्हा मी माझ्या नावावरची अडीच लाखांची एफडी मोडून त्याला दिली आणि घरात बोललो नाही. बोलू बोलू म्हणत राहून गेलं. जुलैत रिटर्न भरायला कागद काढताना हिने व्याजाचं सर्टिफिकेट बघितलं आणि विचारलं, यात एक एफडी कमी कशी? बँकेतल्या बाईपासून एफडी लपवणारा मी पहिलाच गाढव असेन.

भांडण झालं असतं तर बरं झालं असतं, पण मी भांडत नाही. मी गप्प बसतो. गॅलरीत जाऊन उभा राहतो. आमच्या वडिलांचंही असंच होतं, आई आणि त्यांच्यात महिना महिना अबोला चालायचा आणि घरात कुणाला त्यात काही वावगं वाटायचं नाही. आमचा अबोला सतरा दिवस टिकला (ही म्हणते एकोणीस, तिच्याकडे तारखा आहेत). गॅस बुक करायचाय, लाईट बिल आलंय, आजीच्या गोळ्या संपल्यात, सगळे निरोप मुलीमार्फत. एक दिवस ती वही आपटून म्हणाली, "मी काय तुमची व्हॉट्सॅप आहे का?" आणि खोलीत जाऊन कडी लावून घेतली. त्या रात्री हिने एवढंच म्हटलं की एकतर कुणाकडे तरी जाऊया, नाहीतर मी मुलीला घेऊन नाशिकला जाते. नाशिक म्हणजे माहेर.

पहिले ज्यांच्याकडे गेलो त्यांना एक स्टारही देणार नाही. बोर्डवर फॅमिली काउन्सेलर, लाईफ कोच आणि अजून दोनतीन गोष्टी लिहिल्या होत्या. फी 1,200, दोन सेशन झाली. पहिल्यात हिला सांगितलं की पुरुष असेच असतात, पैसा तर घरातच गेला ना, थोडं सोडून द्यायला शिका. दुसऱ्यात आमच्या जन्मवेळा विचारल्या, आणि बारा सेशनचं पॅकेज आगाऊ भरलं तर डिस्काउंट आहे म्हणाले. तिथून उतरताना अबोल्यात पहिल्यांदा आमचं एका गोष्टीवर एकमत झालं, की हा माणूस बंडल आहे. 2,400 पाण्यात. एक गोष्ट मात्र कळली, काउन्सेलर असा बोर्ड लावायला फार काही लागत नाही, त्यामुळे डिग्री काय, कपल्सबरोबर काम करायचं ट्रेनिंग कुठे घेतलंय हे फोनवरच विचारायचं, लाजायचं नाही. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणवत असतील तर त्यांचं आरसीआयकडे, म्हणजे रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडियाकडे रजिस्ट्रेशन असतं, तो नंबर मागा. आपण इलेक्ट्रिशियनला चार प्रश्न विचारतो आणि इथे मात्र हात जोडून बसतो.

आता या मॅडमकडे. पहिलं सेशन दोघांचं एकत्र, मग एकेकाचं वेगळं, आणि चौथ्यापासून परत एकत्र. आधीच बजावलं की वेगळ्या सेशनमध्ये मला काही सांगितलंत आणि ते दुसऱ्यासाठी महत्त्वाचं असेल तर मी ते पोटात ठेवून बसणार नाही, तुम्हालाच सांगायला लावेन. माझ्या वेगळ्या सेशनमध्ये त्यांनी सरळ विचारलं, घरात कधी हात उचललाय का, वस्तू फेकल्यात का, ती तुम्हाला घाबरते का? मला भयंकर राग आला, मी काय तसला माणूस वाटतो का? हिलाही हेच विचारलं होतं हे नंतर कळलं. आणि कारणही नंतर कळलं, मारहाण किंवा धाक असेल तर दोघांना एकत्र बसवून काउन्सेलिंग करणं धोक्याचं असतं, कारण बाई तिथे जे खरं बोलेल त्याची शिक्षा तिला घरी गेल्यावर मिळते. तशी केस असेल तर हा रिव्ह्यू तुमच्यासाठी नाही. महिलांसाठी 181 हेल्पलाईन आहे, अशाच तक्रारींसाठी पोलिसांचा भरोसा सेल आहे, 2005 चा घरगुती हिंसाचाराचा कायदा आहे. तिथे जा, जोडीने सोफ्यावर बसून काही होणार नाही.

मला वाटलं होतं की मॅडम निवाडा देतील. मी रीतसर तयारी करून गेलो होतो, कंपनीत रिजेक्शन आलं, म्हणजे माल नापास झाला, की आम्ही फाईव्ह व्हाय करतो, का का का विचारत मुळापर्यंत जायचं, तसा कागदच बनवून नेला होता. मॅडमनी तो घेतला, बघितला, म्हणाल्या छान आहे, आणि बाजूला ठेवून दिला. म्हणाल्या, आज तुम्ही काही सिद्ध करायचं नाही, त्या दोन वाक्यं बोलतील आणि तुम्ही त्यांचंच म्हणणं त्यांना परत सांगायचं, बस.

ही म्हणाली, "तू गॅलरीत जाऊन उभा राहतोस तेव्हा मला वाटतं की मी या घरात भाड्याने राहते."

मी म्हणालो, म्हणजे तुला घर स्वतःच्या नावावर नाही याचं वाईट वाटतं.

नाही.

मी म्हणालो, म्हणजे तुला असं वाटतं की मी मुद्दाम तुला त्रास द्यायला गॅलरीत जातो, पण तसं नाहीये कारण मी...

मॅडम म्हणाल्या, कारण नको. नुसतं परत सांगा.

तिसऱ्यांदा कसंबसं जमलं. "मी गॅलरीत जातो तेव्हा तुला या घरात भाड्याने राहिल्यासारखं वाटतं." एवढं एक वाक्य बोलायला एक्केचाळीस वर्षांच्या माणसाला दहा मिनिटं लागली. फीच्या हिशोबाने साधारण तीनशे रुपये. आणि हिचा चेहरा बघितला तर ती रडायची थांबून माझ्याकडे बघत होती, म्हणजे बरेच दिवसांनी माझ्याकडे बघत होती.

सगळ्यात भारी प्रकार सहाव्या सेशनला झाला. हिने भावाचा विषय काढला आणि मी नेहमीसारखा गप्प. मॅडमनी ड्रॉवरमधून ऑक्सिमीटर काढला, तोच कोविडमध्ये घरोघरी होता तो, आणि म्हणाल्या बोट घाला. नाडी 108. मी शांत बसलो होतो बरं का, हाताची घडी घालून, आणि आत इंजिन रेस होत होतं. हिने तो आकडा बघितला आणि म्हणाली, "मला वाटायचं याला काही फरकच पडत नाही." मॅडमनी मग सांगितलं की अमेरिकेत सिअॅटलला जॉन गॉटमन म्हणून सायकॉलॉजिस्ट आहेत, त्यांनी युनिव्हर्सिटी ऑफ वॉशिंग्टनमध्ये नवरा-बायकोंना समोरासमोर बसवून वर्षानुवर्षं त्यांचं बोलणं, नाडी, घाम सगळं मोजलं. नाडी शंभरच्या वर गेली की माणसाला समोरचं धड ऐकूच येत नाही, मग तो एकतर तोंड सोडतो नाहीतर भिंत होतो. नाडी खाली यायला किमान वीस मिनिटं तरी द्यावी लागतात. म्हणून आमच्यासाठी नियम ठरला. गॅलरीत जायला बंदी नाही, पण जाताना परत कधी येणार ते सांगून जायचं, आणि त्या वेळेला यायचंच. "अर्ध्या तासाने बोलतो." एवढंच. आमच्या वडिलांनी हे तीन शब्द आयुष्यात उच्चारले नसतील.

हिची बाजूही निघाली, नाही असं नाही. गॉटमननी चार घातक सवयी सांगितल्यात, सतत दोष काढणं, स्वतःची सफाई देत बसणं, समोरच्याला तुच्छ लेखणं आणि अबोला. त्यातली तुच्छतेने बोलायची सवय त्यांच्या मते सगळ्यात वाईट. आता आमच्या घरात टोमणा ही कला मानतात, आणि ही त्यात गोल्ड मेडलिस्ट आहे. "तुझ्या भावासाठी बँकच काढूया ना आपण, मी कॅशियर बसते." हे ऐकायला मजा येते, ज्याला बसतं त्याला येत नाही. मॅडम म्हणाल्या तक्रार करा, टोमणा नको. तेच वाक्य तक्रार म्हणून सांगा. हिला पण वेळ लागला हो, बराच. शेवटी म्हणाली, "मला न विचारता अडीच लाख दिलेस, मला तुझ्या हिशोबात धरलंच नाहीस." यावर मला काही उत्तर सुचलं नाही, आणि सुचलं नाही तेच बरं झालं. सॉरी म्हणालो. ते मी जुलैत पण म्हणालो होतो असं माझं म्हणणं आहे, हिला आठवत नाही.

सगळं सुटलं का? छे. भावाने अजून पैसे परत दिलेले नाहीत, आईला अजून वाटतं की सून हिशोबी आहे, आणि दिवाळीत कुणाकडे जायचं यावरून यंदाही वाजलं. गॉटमननीच म्हटलंय की जोडप्यांचे साधारण 69 टक्के वाद कायमचे असतात, ते संपत नाहीत, फक्त ते कसे चालवायचे ते शिकायचं असतं. आमच्या प्लांटला 69 टक्के रिजेक्शन आलं तर क्वालिटीवाल्यांना गेटवरच अडवतील, पण मॅडमनी हे सांगितल्यावर मला खरंच हलकं वाटलं. आपलंच घर डिफेक्टिव्ह नाहीये तर. एक ठरलंय, पंचवीस हजारांच्या वरची कुठलीही रक्कम दोघांच्या हो शिवाय हलणार नाही. हा आकडा फिक्स करायला एक अख्खं सेशन गेलं, मी पन्नासवर होतो.

माझ्या एका मित्राला मी जातोय हे सांगितलं तर म्हणाला, म्हणजे डिव्होर्स घेताय का? कारण त्याला काउन्सेलर माहीत ते फॅमिली कोर्टातले. 1984 च्या कायद्याने फॅमिली कोर्टं झाली आणि आधी समेटाचा प्रयत्न करायचा हे त्या कायद्यातच आहे, त्यासाठी तिथे मॅरेज काउन्सेलर असतात. त्याचा डिव्होर्स परस्परसंमतीने झाला, हिंदू विवाह कायद्याच्या कलम 13 ब खाली. त्यात अर्ज केल्यावर सहा महिने थांबायचं असतं (2017 ला सुप्रीम कोर्टाने सांगितलं की योग्य केसमध्ये कोर्ट हे थांबणं माफ करू शकतं). तो म्हणतो तिथल्या काउन्सेलर बाई चांगल्या होत्या, पण तोपर्यंत आम्ही दोघं वकिलांच्या भाषेत बोलायला लागलो होतो. आमच्या मॅडमनी मात्र पहिल्याच दिवशी सांगितलं होतं की तुमचं लग्न टिकवणं हे माझं टार्गेट नाही, तुम्हाला वेगळं व्हायचं असेल तर तेही धड बोलून व्हा. हे ऐकून हिला बरं वाटलं आणि मला घाम फुटला.

आता दीड स्टार कशाचे कापले. एक म्हणजे वेळ. संध्याकाळी सहानंतर अपॉइंटमेंट नाही, शनिवार महिनाभर आधी फुल, त्यामुळे मला दरवेळी हाफ डे टाकावा लागला, आणि बॉसला सांगायचं काय, रूट कॅनाल. नऊ वेळा रूट कॅनाल. वर मॅडम स्वतः पंधरावीस मिनिटं उशिरा सुरू करतात आणि साठ मिनिटांचं सेशन पन्नासात गुंडाळतात, 1,800 घेता तर वेळ पूर्ण द्या ना. घरी करायला जे कागद देतात ते सगळे इंग्लिशमध्ये, हिला आणि मला चालतं पण पुढेमागे आईला आणायचा विचार होता, तिने काय करायचं? भावना लिहायच्या त्या कागदावर, आणि रागावलोय, रुसलोय, चिडलोय, वैतागलोय यात मला जो फरक कळतो तो त्या इंग्लिश यादीत नव्हताच. इन्शुरन्समधून आम्हाला एक रुपया मिळाला नाही. आणि वेटिंग रूम. एक बाक, समोर पॅसेज, आणि पॅसेजपलीकडे डेंटिस्ट. एकदा हिच्या ब्रँचमधली मॅडम नवऱ्याबरोबर त्याच बाकावर बसलेली. चौघं एकमेकांकडे बघून हसलो, चौघांनी गाल धरले. दात किडलाय हो. ते आत गेले तेव्हा डेंटिस्टच्या दारात नाही गेले एवढंच सांगतो.

नवऱ्यांसाठी वेगळं सांगतो, कारण बहुतेक घरात अडून बसलेला नवराच असतो. तिथे गेल्यावर दोघींची युती होईल अशी भीती मला होती, तशी झाली नाही. दोनदा त्यांनी हिलाच थांबवलं. पण पहिल्या दोनतीन वेळेत तसं वाटलं तर तिथल्या तिथे बोला, आणि तरी पटलं नाही तर काउन्सेलर बदला, आम्ही बदललाच. आणि दोघांपैकी एक जण यायलाच तयार नसेल तर एकट्याने गेलं तरी चालतं असं मॅडम म्हणतात, त्यांच्याकडे येणाऱ्यांत बरेच तसे आहेत.

आता पुढचं सेशन तीन महिन्यांनी आहे, चेकअपसारखं. गाडी नेऊ नका, त्या गल्लीत पार्किंग नाही आणि नो पार्किंगची टो व्हॅन दुपारी हमखास येते, आमची एकदा उचलली. दंड भरायला रिक्षाने गेलो दोघं, रिक्षात हिने एक टोमणा मारायला तोंड उघडलं, मिटलं, आणि म्हणाली, "माझी तक्रार आहे." खाली रस घ्या, आलं-लिंबू टाकायला सांगा.